भुऱ्याचा पुढचा पंजा

हे मी कोणालेच सांगितलं नाई. आईले नाई, बहिणीले नाई, ज्यायच्याशी संसार केला त्यायले तर नाईच. तुले सांगून राह्यली, कारण... कारण काय, जाऊ दे. ऐक.

मी एका कुत्र्यावर जळत होती. हसू आलं ना? हस.

पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. नवं लग्न, चामोर्शीले भाड्याची खोली, हे जंगलखात्यात. बदली झालेल्या एका साहेबानं आपला केसाळ कुत्रा ह्यायच्या गळ्यात मारला — भुऱ्या. पावसाळा सरला का गवताचं कुसळ त्याच्या बोटांमधल्या केसांत शिरे, तिथून कातड्यात. म्हणून दर रविवारी हे अंगणात बसत, भुऱ्याले मांडीवर उताणं घेत, कोमट पाण्यानं पंजा पुसत, अंगठ्यानं एकेक बोट फाकवत. बोथट टोकाची कात्री आडवी धरून पंजाच्या मऊ गादीच्या वर आलेले तेवढेच केस कापत. मग खोबरेल तेल. आणि तोंडानं लाड, "झालं रे राजा, झालं."

राजा! मले तर नावानंही हाक नव्हती. सासरच्या धानाच्या रोवणीतून, चिखलातून आली तवा माझ्या टाचा फाटून रक्त येत होतं — पाहिलं काय कोणी? एकदा म्हटलं, "त्याच्याशीच लगन लावाचं होतं." हे हसले. मी नाई हसली.

एका रविवारी पुढचे पंजे झाले, अन् ह्यायले खात्याच्या लाकूड डेपोतून बोलावणं आलं. "मागचे तू कर. टोक आत घालू नको. धडपडला तर सोडून दे," म्हणून गेले.

बोथट कात्री समोरच होती. मी शिवणाची आणली, टोकदार. भुऱ्या आपणहून उताणा पडला. मी पंजा धरला — मागचा नाई, पुढचा, ह्यायनं नुकताच कापलेला. टोक बोटांच्या मधात घातलं. चुकून? नाई. दाबलं.

एकदाच केकाटला, खाटेखाली गेला. मी रक्त पुसलं, कात्री धुतली. हे आले, त्याले लंगडताना पाहिलं. मी म्हटलं, "मी तर हातच नाई लावला. तुमच्याच हातून लागलं असन." हे पंजा धरून बसले. "काऊन दिसलं नाई मले?" एवढंच म्हणत राह्यले.

जखम चिघळली, भरली. ह्यायनं परत कात्री धरली नाई. केस वाढले, कुसळ शिरत गेलं, भुऱ्या लंगडतच राह्यला. मले वाटलं होतं, आता तरी माझ्याकडे पाहतीन. हे अंगणात बसणंच सोडून बसले.

मग पोरगी झाली. नखं वाढली का तोंड ओरबाडून घे. हे तिले मांडीवर घेत, इवलंसं बोट धरून पाहत, अन् माझ्याकडे देत. "तूच काप. तुझा हात हलका आहे. माझ्या हाताचा भरवसा नाई."

मी कापली. दर वेळी मीच कापली. हे गेले, तवाही त्यायले तसंच वाटत होतं.