मशीन बंद करून दिलेल्या शिव्या

साहेब चांगला मिळाला की नोकरी सुखात जाते आणि सांगण्यासारखं काही उरत नाही. वाईट मिळाला की किस्से साठतात. सुरतेत नव्वदच्या दशकात मी सहा वर्षं एकाच मास्तरच्या हाताखाली काढली. अंगात त्राण राहिलं नाही, पण आजही लग्नाच्या पंगतीत गाववाले माझ्या शेजारची जागा धरून बसतात. म्हणतात, "मास्तरचं सांग." मी सांगतो. हसतात बिचारे. मला काही हसू येत नाही.

लिंबायतला आमचं खातं होतं. खातं म्हणजे पॉवरलूमचा कारखाना, आणि मास्तर म्हणजे तिथला मुकादम. एका हॉलमध्ये अठ्ठेचाळीस मशीन आणि आम्ही आठ जण, बहुतेक खानदेशातले. मशीन चालू असली की शेजारच्याचं बोलणंही ऐकू यायचं नाही. त्यामुळे आमचं सगळं हातांनी चाले. दोन बोटांची कात्री केली म्हणजे धागा तुटला. अंगठा ओठाला लावला म्हणजे चहा. नाकाला बोट लावलं म्हणजे घरची बाई किंवा लेक. आणि हवेतल्या हवेत खटका दोनदा खाली ओढला म्हणजे मास्तर आला.

ही शेवटची खूण आम्ही त्याच्यावरूनच बनवली होती. कारण शिव्या द्यायच्या तर त्या ऐकू जायला हव्यात, म्हणून तो आधी मेन स्विच खाली ओढायचा. अठ्ठेचाळीस मशीन बंद. मग हॉलच्या मधोमध उभा राहून एकाचा उद्धार, बाकीच्यांनी ऐकायचा. मास्तर होता खानदेशचाच, पण खात्यात पाऊल टाकलं की हिंदीत शिरायचा. कुठल्याशा मिलच्या ऑफिसातून आलाय, एवढंच आम्हाला माहीत होतं. मशीनला त्याने कधी बोट लावलेलं आम्ही पाहिलं नव्हतं. त्याच्या पाठीमागे ती खूण करताना आम्हाला फार बरं वाटायचं. गरिबाची करमणूक, दुसरं काय.

*

रघुनाथला एकदा सणकून ताप आला होता. डोळे लाल, पाय लटपटत होते. सुटी मागायला गेला.

मास्तरने आधी त्याच्या कपाळाला हात लावला. आम्हाला वाटलं, चला, आज माणूस विरघळला. मग तोच हात त्याने मशीनच्या मोटरवर ठेवला आणि म्हणाला, "ये तो तेरे से ज्यादा गरम है. इसने कभी छुट्टी माँगी?"

रघुनाथने त्या दिवशी पाळी पूर्ण केली. पुढे वर्षभर तो मोटरला 'भाऊ' म्हणायचा.

*

सुटीसाठी अर्ज लेखी हवा, असा नियम मास्तरनेच काढला. मी दहावीपर्यंत गेलेलो, त्यामुळे सगळ्यांचे अर्ज माझ्याकडे.

पहिला अर्ज त्याने फाडला. म्हणाला, "ये क्या लिखावट है? मुर्गी चली है क्या कागज पर?" लागलं मनाला. दुसरा अर्ज मी घरी बसून, पट्टीने रेघा मारून, मोत्यासारख्या अक्षरात लिहिला. त्याने तो दोनदा वाचला. मान डोलावली. आणि फाडला.

"इतना सुंदर लिखने का टाइम मिलता है? मतलब काम कम है तेरे को."

दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे सहाऐवजी सात मशीन.

*

शेठ रिंगरोडला मार्केटमध्ये बसायचे. कापड कमी का निघालं म्हणून विचारलं की मास्तरचं उत्तर ठरलेलं, लाईट गेली होती.

एक दिवस शेठ स्वतःच खात्यात आले. अगदी शांतपणे त्यांनी विचारलं, "बाजूवाळाने त्यां लाइट जती नथी. आपणे त्यां ज केम जाय छे?" म्हणजे, शेजाऱ्याकडे लाईट जात नाही, मग आपल्याकडेच कशी जाते?

मास्तर खाली मान घालून उभा. आम्हा आठही जणांचं लक्ष अचानक फार मन लावून कामात होतं. शेठ गेले. त्या दिवसापासून मेन स्विचला हात लावायचा नाही, असा हुकूम झाला.

आम्ही खूण मात्र बदलली नाही.

*

एकदा मी ठरवलंच की आता बोलायचं. आदल्या संध्याकाळी बायकोला म्हटलं, तू मास्तर हो, मी तुला सुनावतो. ती हातात लाटणं घेऊन उभी राहिली, डोळे वटारले. मी म्हणालो, "हो मास्तर, चुकलं."

ती म्हणाली, "अहो, मी अजून काही बोललेच नाही."

दुसऱ्या दिवशी खरा मास्तर समोर आला. घरी परतल्यावर बायकोने विचारलं, "काय म्हणालात मग?" मी म्हटलं, "तेच, काल पाठ केलेलं." तिने गरम भाकरी ताटात टाकली. लाज वाटली मला त्या रात्री, जेवणही गोड लागलं नाही.

*

आता नामदेवभाऊंचं सांगतो. आमच्यात सगळ्यांत वडीलधारे, पारोळ्याकडचे. लेकीचं लग्न मागच्याच उन्हाळ्यात झालेलं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तीन दिवसांवर आली होती. आमच्याकडे आखाजीला लेक माहेरी येते, आणि तिला आणायला घरचं माणूस जावं लागतं. पहिल्या आखाजीला कोणी गेलं नाही, तर सासरी पोरीने तोंड कुठे लपवायचं? नामदेवभाऊंना मुलगा नव्हता, भाऊ नव्हता. जायचं तर त्यांनीच.

मी तीन अर्ज लिहिले. तिन्ही फाटले. शेवटचा दिवस उजाडला, दुपारची भुसावळची गाडी धरली तरच जमणार होतं. मास्तर त्यांच्या मशीनपाशी आला तेव्हा त्यांनी हात जोडले आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं. काय सांगितलं ते आम्हाला पाठ होतं. "मास्तर, पोरले लेवाले जानं शे. तिनी पहिली आखाजी शे."

मास्तर भडकला. स्विचला हात लावायची सोय नव्हती, म्हणून मशीनच्या आवाजावर चढून ओरडू लागला. गळ्याच्या शिरा फुगल्या, पण आम्हाला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. फक्त नामदेवभाऊंचा चेहरा दिसत होता.

ठरवलं कोणीच नव्हतं. आधी रघुनाथने आपली मशीन बंद केली, एकेक करून. मग पलीकडच्याने. मीही माझी सात बंद केली. शेवटी नामदेवभाऊंनी मागे न बघता आपली केली. हॉल गप्प झाला आणि मास्तरचा आवाज तसाच वर राहिला.

"बोल दे उसको, बाप नहीं आएगा! सुरत में मर गया बाप!"

ते वाक्य भिंतीवर आपटून परत आलं. त्याने स्वतःच ऐकलं ते. वळून पाहिलं, तर आठ जण खटक्यावर हात ठेवून उभे. बाहेर रस्त्यावर रिक्षा वाजली.

मग तो नामदेवभाऊंच्या मशीनवर वाकला. एक धागा तुटलेला होता. त्याने तो एका हाताने, न बघता, गाठ मारून जोडला. वीस-वीस वर्षं लूम चालवलेल्यांनाच जमते ती गाठ. खटका ओढून त्याने मशीन चालू केलं.

एका मशीनच्या आवाजात बोललेलं ऐकू आलं असतं. पण तो बोलला नाही. नामदेवभाऊंकडे बघून त्याने नाकाला बोट लावलं, दोन्ही हात छातीकडे ओढले आणि दाराकडे बोट केलं.

नामदेवभाऊ निघाले. मग मास्तर आमच्याकडे वळला, हवेतल्या हवेत खटका दोनदा खाली ओढला, आणि त्यांचं दुसरं मशीन चालू करायला गेला.