सैल सालीची संत्री

टेलेक्स हातात होता आणि त्याचा अर्थ लागत नव्हता. कुवेतचा आमचा एजंट लिहीत होता: माल शिळा, साल फळापासून सुटलेली, पुढची कन्साइनमेंट, म्हणजे पुढच्या खेपेचा माल, रद्द समजा.

सत्तरच्या दशकात नागपूरच्या सदर भागातल्या, संत्री पाठवणाऱ्या आमच्या फर्मचं एक्सपोर्ट डिपार्टमेंट म्हणजे एक टेबल आणि मी. ऑर्डर गेली की दोन्ही उठणार होते. आणि शिळा माल? पेट्या भरताना मी स्वतः उभा होतो. नागपूरचा माणूस संत्रं दाबून पारखतो. साल सैल लागली की फळ गोड. तसलीच निवडून पाठवली होती.

मालक वानखडेसाहेब भडकले.

"तिकडच्या लोकायले घट्ट पाहिजे तर घट्ट दे गा. काहून डोकं लावून राहिला?"

एजंटच्या हातापाया पडून मी आणखी एक खेप मिळवली आणि घट्ट सालीची संत्री पाठवली. उत्तर आलं: आंबट. आता मात्र मी पार चक्रावलो. सैल दिलं तर शिळं, घट्ट दिलं तर आंबट. या लोकांना हवंय तरी काय? मला रडू यायचंच बाकी होतं.

पहिल्या खेपेचा पुरावा म्हणून एजंटने पोस्टाने टाकलेला फोटो तेव्हा कुठे पोचला. तो घेऊन मी पॅकिंग शेडमध्ये अनसूयाबाईंकडे गेलो. वीस वर्षं त्या संत्री निवडत होत्या. चूक निवडीतच असणार, असा माझा संशय होता. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला.

"भाऊ, हे सुरीनं काहून कापलं? संत्रं कोणी कापते का?"

फोटोत संत्र्याचे दोन तुकडे होते. रस ओघळलेला, साल बाजूला लोंबलेली. खरोखरच शिळं दिसत होतं. तिकडे घट्ट सालीचं माल्टा जातीचं संत्रं कापून खायची सवय. आमचं संत्रं हाताने सोलायचं असतं, हे आम्ही कुणाला सांगितलंच नव्हतं. हे सांगावं लागतं, हेच सुचलं नव्हतं.

नमुना म्हणून पाच पेट्या पाठवल्या, सैल सालीच्याच. प्रत्येकीत चित्रांचा एक कागद: नख लावा, सोला, फोडी सोडवा, खा. एजंटला लिहिलं, दुकानदाराने गिऱ्हाइकासमोर एक सोलून द्यावं.

काही दिवसांनी टेलेक्स आला: यापुढे फक्त सैल सालीची पाठवा.

वानखडेसाहेब म्हणाले, "मी पयलेपासून तेच म्हणून राहिलो ना."

टेबल वाचलं होतं. मी पुढच्या ऑर्डरचे कागद भरायला घेतले. मार्केटिंगची जाडजूड पुस्तकं पुढे पुष्कळ वाचली. पण माल पाठवण्याआधी मी एवढंच विचारत आलो, की गिऱ्हाईक तो घरी नेऊन त्याचं करतं काय. हे मला शेडमध्येच शिकायला मिळालं होतं, तेही दोन खेपा वाया घालवून.