शनिवारचा टॉवेल

शाळेतल्या शिवणाच्या बाईंनी लहानपणी माहेरच्या नदीत भल्याभल्या पोरांना पोहण्यात हरवलं होतं. लग्नानंतर मात्र नवरा म्हणाला, "मला पाण्याची धास्ती आहे गं. तू उतरलीस की माझा जीव टांगणीला लागतो." झालं! बाईंनी पोहण्यावर पाणी सोडलं.

अडतीस वर्षांनी लेकीने दोघांना हट्टाने बेटावर सुट्टीला धाडलं. समुद्रातले मासे बघायला होडी खोल पाण्यात थांबली. नवऱ्याच्या लाइफ जॅकेटची शिवण कुठे उसवली नाही ना, हे बाई बोटांनी चाचपत होत्या, तेवढ्यात हा गडी चष्मा आणि नळी चढवून जॅकेटविना पाण्यात! हात लांब, पाय सरळ, कुठे धडपड म्हणून नाही.

"काका, कुठे शिकलात?" नावाड्याने विचारलं.

"अहो, वीस वर्षं दर शनिवारी पोहण्याच्या तलावावर जायचो!" काका खुशीत येऊन बोलून गेले.

दर शनिवारी तर ऑफिसात जादा काम असायचं. त्यासाठी बाई पहाटे उठून डबा करायच्या. संध्याकाळी पिशवीतून ओला टॉवेल निघायचा, औषधाचा उग्र वास मारणारा. "आज फार घाम आला, आणि तिथे फवारणी करतात ना," हे ठरलेलं उत्तर. बाई बिचाऱ्या तो गरम पाण्यात भिजवून धुवायच्या.

नवरा निथळत शिडी चढला. "अगं, टॉवेल दे."

बाईंनी मांडीवरचा कोरडा टॉवेल होडीच्या ओल्या तळावर टाकला आणि त्यावर दोन्ही पाय ठेवले.

"शनिवारी मिळेल," त्या म्हणाल्या. "आज मंगळवार आहे."