सात किलो तीनशेचं ब्लँकेट

त्या दुपारचं प्रकरण विसरायचं म्हटलं तरी विसरत नाही. पोलीस खात्यात पंचवीस वर्षं काढून मी निवृत्ती घेतली आणि बहरीनमध्ये एका कंपनीच्या मआमीर इथल्या कॅम्पवर सुरक्षा अधिकारी म्हणून लागलो. गणवेश बदलला, काम तेच राहिलं: येणंजाणं रजिस्टरमध्ये लिहायचं आणि कोणाच्या शब्दावर चटकन विश्वास ठेवायचा नाही.

सकाळी अकराच्या सुमारास गेटवरच्या फोनवर कोणीतरी मराठीत म्हणालं, "आज रायगडवाला लीव्हवर चाललाय. त्याची पेटी नीट बघा." एवढंच. नाव सांगितलं नाही. निनावी खबर देणाऱ्याचाही काही हेतू असतो, त्यामुळे माझ्या लेखी तोही संशयितच होता. तो कोण, हे मला आजवर कळलेलं नाही.

रायगडवाला म्हणजे आमचा एक फिटर. दोन वर्षांनी घरी निघालेला. तो इकडे आल्यावर जन्मलेली मुलगी त्याने फक्त फोनच्या पडद्यावर पाहिली होती. विमान संध्याकाळी सातचं. पेटीत दूध पावडर, साबण, तीन शिवलेल्या पुड्या आणि एक डबल प्लाय ब्लँकेट, पिशवीसकट जाड दोऱ्याने शिवलेलं. पिशवीवर वजन छापलं होतं चार किलो. माझ्या काट्यावर भरलं सात किलो तीनशे. मी शिवण उसवली. आत एअर रायफल निघाली, नळी आणि लाकडी दस्ता सुटे करून गुंडाळलेली.

ब्लँकेट आपलं नाही, कॅम्पच्या स्टोअरकीपरने गावी पोचवायला दिलं, असं फिटर म्हणाला.

"वजन जास्त आहे हे हाताला कळलं नाही?"

"कळलं साहेब. पण अमानत हाय ती. अमानत कोण उघडून बघतो?"

ही इथली रीत. लीव्हवर जाणाऱ्याकडे चार घरचं सामान येतं, आणि शिवलेलं पार्सल उघडणं म्हणजे देणाऱ्याला तोंडावर चोर म्हणणं. पण पकडला गेलेला प्रत्येक जण 'माल माझा नाही' हेच सांगतो, हेही मी आयुष्यभर ऐकलं होतं.

स्टोअरकीपर रत्नागिरीकडचा, नीटनेटका, मोजकं बोलणारा. त्याने साफ नाकारलं. बंदुकीतलं आपल्याला काय कळतं, असं उलट मलाच विचारलं. साक्षीदार कोणी नव्हता. इथे विनापरवाना असली वस्तू बाळगणं गुन्हाच, त्यामुळे पोलिसांना कळवणं भाग होतं. मॅनेजरने तीन वाजेपर्यंत वेळ दिला. रिपोर्टमध्ये ज्याचं नाव जाईल त्याची लीव्ह, नोकरी, व्हिसा, सगळं खलास. खरं सांगतो, माझा कल फिटरकडे होता. माल ज्याच्याकडे सापडतो तो दोषी, हा खात्यातला सवयीचा हिशेब.

रायफल मी कपाटात ठेवून कुलूप लावलं. नळीवर कोरलेला छर्र्याच्या मापाचा आकडा माझ्याशिवाय कोणीच वाचला नव्हता.

मग दोघांना वेगवेगळं बसवलं, चहा मागवला आणि घरचं गाऱ्हाणं काढलं. भावाच्या वालाच्या शेतात ससे येतात, त्याला छर्‍याची बंदूक घ्यायची आहे, कोणती घ्यावी? फिटरने मान वर केली. "कुत्रा पाळायला सांगा साहेब," म्हणाला आणि पुन्हा घड्याळाकडे बघू लागला.

स्टोअरकीपरपुढेही तेच गाऱ्हाणं काढलं. मीच बोलत राहिलो. साडेचार मिलीमीटरची घेणार, हलका छर्रा, वेग भरपूर, बांधावर बसून पन्नास मीटरवरून मारता येईल. त्याने चहाचा कप दोनदा उचलून खाली ठेवला.

"पन्नास?" शेवटी तो म्हणाला. "तिसाच्या पुढे सशावर छर्रा टाकूच नये साहेब. साडेचारचा हलका छर्रा वाऱ्याने सरकतो. ससा जखमी होतो, झाडीत जाऊन मरतो, तुमच्या हाताला लागत नाही. गोल तोंडाचा जड छर्रा पाहिजे. म्हणून तर ही साडेपाचची..."

तो थांबला. बंदुकीची माहिती असणं हा पुरावा नव्हे, आमच्या कोकणात ती अनेकांना असते. पण कपाटातल्या रायफलचा आकडा सांगणं हा पुरावा होता. त्याने पाणी मागितलं, प्यायला आणि म्हणाला, "माझीच आहे."

वर्षभर तो फोनवर रायफलींची तुलना करत होता. वजन, वेग, अंतर, सगळं वहीत लिहिलेलं. शेवटी कोणाकडून तरी जुनी मिळवली. आपल्याकडेही साडेपाचला परवाना लागतो आणि सशाची शिकार बंद आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच ती त्याने दुसऱ्याच्या पेटीत घातली.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. दरडावल्यावरही जो बोलत नाही तो माणूस, त्याने जीव लावून निवडलेल्या वस्तूबद्दल कोणी चुकीचं बोललं तर बोलतो. दुसरी गोष्ट फिटरने शिकवली. रिपोर्टमध्ये त्याचं नाव फक्त साक्षीदार म्हणून गेलं, त्याचा जबाब चारला संपला, विमानाला अजून तीन तास होते. मी त्याला म्हटलं, आता त्या तीन पुड्याही उघड. तो तयार होईना.

"मी उघडल्या तर देणाऱ्यांना काय तोंड दाखवू?"

"मग मी उघडतो."

तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "उघडा. मी बघितलं नाही."

तिन्हींत काहीच वावगं निघालं नाही. मी जमेल तशी शिवण घातली आणि झाल्यावर त्याला सांगितलं. तेव्हाच तो वळला.