दोन रिंग आणि लॉककीपर

शशी खानझोडे यांचा हट्ट एवढाच होता, की मंगळवारी तांब्याची टेलिफोन लाइन कायमची बंद होण्याआधी, रविवारी दुपारी दोन ते सहा, आपला जुना कॉम्प्युटर एकदा फोनला जोडायचा आणि लॉककीपरची वाट बघायची. वय एक्क्याऐंशी. या वयात माणसाला हट्टाला कारण लागत नाही. पण शशींकडे कारण होतं, आणि ते अडतीस वर्षांचं होऊन, वॉटफर्डहून गाडी चालवत, त्यांना घेऊन जायला आलं होतं.

"बाबा, seriously, आज कोणाकडे मॉडेम असणार?" देविका म्हणाली. बर्मिंगहॅमच्या या घरातली एकूण एक खोली तिने खोक्यांत भरून टाकली होती. फक्त वरची मागची खोली राहिली होती, कारण तिच्या दारात बाप उभा होता.

"असतात गं लोकांकडे. जुनी मशिनं जपणाऱ्यांच्या फोरमवर मी नोटीस टाकलीय. आपला नंबर अजून तोच आहे."

"आणि लॉककीपर? तो जिवंत आहे की नाही, तेसुद्धा माहीत नाही ना तुम्हाला."

"तुझी आई म्हणायची, ती बाई आहे."

देविकाने हात टेकले. हा वाद तिच्याच वयाचा होता.

शशी मूळचे नागपूरचे. बर्मिंगहॅमला आले ते त्र्याहत्तर साली, आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जे चिकटले ते रिटायर होईपर्यंत. दिवसभर दुसऱ्यांच्या तारा जोडणारा माणूस घरी येऊन गप्प बसेल, तर तो शशी कसला. पंच्याऐंशी साली त्यांनी बीबीसी मायक्रो नावाचा घरगुती कॉम्प्युटर घेतला, त्याला मॉडेमची पेटी लावली आणि मागच्या खोलीत बुलेटिन बोर्ड सुरू केला. म्हणजे असं, की कोणीही आपल्या घरच्या कॉम्प्युटरवरून शशींच्या घरी फोन लावायचा, यांचा कॉम्प्युटर तो उचलायचा, आणि पलीकडच्याला पडद्यावर इतरांचे निरोप वाचता यायचे, आपला निरोप सोडता यायचा. एका वेळी एकच माणूस. तो गेला की दुसरा.

तिथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीला शशींनी भर सभेत सांगितलं होतं, की एक दिवस बँक, भाजी, रेल्वेचं तिकीट, सगळं असंच घरबसल्या होणार. मंडळाचे सेक्रेटरी संजय यांनी विचारलं, "भेंडी फोनच्या वायरीतून येणार का रे?" सगळा हॉल हसला. आज त्याच संजयरावांच्या दारात दर गुरुवारी व्हॅन उभी राहते आणि मोबाइलवर मागवलेली भेंडी उतरते. पण शशींनी त्यांना कधी ऐकवलं नाही. ऐकवायला हवं होतं, असं आपलं माझं मत.

बोर्डाचा पहिला नियम शशींनी स्वतः केला होता. इथे कोणी कोणाचं खरं नाव-गाव विचारायचं नाही. त्याचं कारण त्यांच्या नोकरीत होतं. एक्स्चेंजमध्ये नवीन माणूस आला की पहिल्या चहाला विचारायचा, पण तुम्ही मूळचे कुठले? बोर्डावर हे कोणी विचारत नसे. तिथे ते नुसते 'शशी' होते, आणि बहुतेकांना तेही टोपणनावच वाटायचं. या एका गोष्टीसाठी त्या खोक्याचे आपण जन्माचे ऋणी आहोत, असं ते म्हणायचे.

त्यांची बायको नीना मात्र त्या खोक्याला सवत म्हणायची. घरात फोनची लाइन एक. माणसांचे फोन माणसांनी घ्यायचे आणि कॉम्प्युटरचे कॉम्प्युटरने, हे जमवायचं कसं? त्यावर त्या काळची तोड अशी होती, की बोर्डावर यायचं असेल त्याने दोन रिंग देऊन फोन ठेवायचा आणि मिनिटाच्या आत पुन्हा लावायचा. मग मशीन ओळखायचं, की हा आपला माणूस, आणि फोन उचलायचं.

आता दोन रिंग देऊन ठेवणं ही काय कॉम्प्युटरवाल्यांची मिरास नव्हती. आपल्या लोकांत कोणी पाहुणा निघाला की दारातच सांगणं व्हायचं, "पोचलात की दोन रिंग द्या." पोचणारा दोन रिंग देई, इकडे कोणी फोन उचलत नसे, सगळ्यांचा जीव भांड्यात पडे. शशी इतके हुशार, पण बोर्ड सुरू करताना हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. नीनाची मैत्रीण वरदा जेवून सोलीहलला घरी पोचली, तिने इमानेइतबारे दोन रिंग दिल्या, आणि अर्ध्या मिनिटाने संजयरावांनी हॉलच्या किल्लीसाठी फोन लावला. मशीनने तो उचलला आणि त्यांच्या कानात अशी किंकाळी मारली, की ते दुसऱ्या दिवशी विचारायला आले, "शशी, तुझ्या घरी मिक्सर फोन उचलतो का?"

आणि मग सत्त्याऐंशीचा जानेवारी आला. बर्फ गुडघ्याएवढं पडलं होतं. नीनाला आठवा महिना चालू होता. एक्स्चेंजमध्ये माणसं पोचत नव्हती म्हणून शशी चालत कामावर गेले होते. वरदा डबा देऊन तीनच्या सुमाराला निघाली. त्यानंतर नीना धुतलेले कपडे घेऊन वर चढली आणि शेवटच्या पायरीवर तिचा पाय सरकला. ती पडली ती कमरेवर. रक्त जायला लागलं. फोन खाली हॉलमध्ये, आणि जिना उतरणं शक्य नव्हतं. तिने हाका मारल्या, पण बर्फात रस्त्यावर होतं कोण?

बऱ्याच वेळाने खाली फोनच्या दोन रिंग वाजल्या. पडल्या-पडल्या तिच्या मनात आलं, वरदा पोचली. इतक्यात पुन्हा रिंग वाजली आणि मागच्या खोलीत मशीन खट्ट करून जागं झालं. म्हणजे वरदा नव्हती. नीना हातांवर सरपटत त्या खोलीत गेली, खुर्चीला धरून उठली. पडद्यावर नाव होतं लॉककीपर. खाली अक्षरं उमटली, "शशी, आहात का?"

त्या सवतीच्या अंगाला नीनाने तोवर कधी हात लावला नव्हता. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, मोडक्या इंग्रजीत तिने लिहिलं, "शशी नाही. बायको. पडले. बाळ. ॲम्ब्युलन्स." मग पत्ता.

उत्तर लगेच आलं. "दाराची किल्ली शेजारी कोणाकडे असते?" नीनाने लिहिलं, एकतीस नंबर. लाइन तोडून फोन 'करते' की 'करतो', हे इंग्रजीत कळत नाही, त्यामुळे पुढचा सगळा वाद झाला. एवढंच आलं, की फोन करून परत येईन, दोन रिंग देऊन.

आणि लॉककीपर परत आला, किंवा आली. बर्फामुळे ॲम्ब्युलन्सला पाऊण तास लागला. तेवढा वेळ लॉककीपरने नीनाला झोपू दिलं नाही. बाळाचं नाव काय ठेवणार? आज जेवायला काय केलं? नीनाने लिहिलं, वरण-भात. वरण म्हणजे काय, कसं करतात? कमरेत कळा येत असताना त्या बाईने तुरीच्या डाळीपासून हिंगापर्यंत सगळी कृती लिहिली, आणि शेवटी लिहिलं, "घरी या. मी खाऊ घालीन." मग शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी दार उघडलं आणि ॲम्ब्युलन्सची माणसं वर आली. संध्याकाळी देविका झाली, पावणेदोन किलोची.

शशींनी बोर्डावर आभार मानले. उत्तर आलं, "बाळाला माझा नमस्कार." त्यापुढे काही नाही. नीना मागे लागायची, "नाव विचारा. जेवायला बोलावलंय मी. शब्द दिलाय." शशी म्हणायचे, नियम आहे. "नियम तुम्हीच केलात, तुम्हीच मोडा." पण शशींना ते जमलं नाही. ज्याने आपल्याला कधी काही विचारलं नाही, त्याला आपण कसं विचारायचं? उरला तो वाद. शशी म्हणायचे, लॉककीपर म्हणजे कालव्याचे दरवाजे सांभाळणारा, तेव्हा कालव्यावर काम करणारा कोणी गडी असणार. नीना म्हणायची, "पुरुषाने 'घाबरू नका' लिहिलं असतं. हिने आधी किल्ली विचारली. बाईच आहे ती." पुढे लोक नव्या मशिनांकडे गेले, एक्क्याण्णव साली बोर्ड बंद पडला आणि लॉककीपर नाहीसा झाला. नीनाला जाऊन तीन वर्षं झाली. दिलेला शब्द राहूनच गेला, ही एक रुखरुख तिने शशींच्या पदरात टाकली होती.

तर त्या रविवारी दोन वाजता शशींनी मशीन लावलं. आणि फोन आले. अगदी नाही असं नाही. स्कॉटलंडहून एकाने लावला, केंटहून दोघांनी. सगळे जुन्या मशिनांचे शौकीन, आनंदाने निरोप सोडून गेले. शशी प्रत्येकाचं नाव वाचत आणि पुन्हा खुर्चीत टेकत. चार वाजता वरदा डबा घेऊन आली. आता तीही ऐंशीला टेकली होती, पण गाडी स्वतः चालवायची. सव्वापाचला निघाली तेव्हा शशी म्हणाले, "पोचलात की दोन रिंग द्या."

पावणेसहा झाले. देविका हळूच म्हणाली, "बाबा, मी वायरी काढायला लागू?"

"लाग," शशी म्हणाले. ते स्वतःच उठले आणि जुन्या कॅसेट पिशवीत भरू लागले. पाठमोरे उभे होते, म्हणून तिला त्यांचा चेहरा दिसला नाही.

खाली दोन रिंग वाजल्या.

"वरदा पोचली," शशी म्हणाले. मान वळवली नाही.

पुन्हा रिंग वाजली. मशीन खट्ट झालं. पडद्यावर एकेक अक्षर करत नाव उमटलं. लॉककीपर. मग खाली, "शशी, आहात का?"

शशी खुर्चीपर्यंत आले खरे, पण त्यांना एकही बटण सापडेना. देविकाने त्यांना बाजूला बसवलं. दर वाढदिवसाला ऐकलेली गोष्ट तिला पाठ होती. तिने एका बोटाने इंग्रजीत लिहिलं, "शशी नाही. बाळ."

मग आलं, "किल्ली अजून एकतीस नंबरकडेच असते का?"

शशींनी डोळे पुसले आणि पुन्हा पुसले. "लिही. म्हणावं, आज मी पहिला नियम मोडतोय. खरं नाव सांगा, आणि वरण-भात खायला कधी येताय तेही सांगा. पत्ता इथला नको देऊ. वॉटफर्डचा दे."

देविकाने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि वॉटफर्डचा पत्ता लिहिला. तिच्या खिशातला मोबाइल वाजला. वरदाचा मेसेज होता, "पोचले गं. रिंग देतेय तर तुमचा फोन एंगेज."

अक्षरं सावकाश येत होती. "माझं नाव आयरीन. गेली अडतीस वर्षं मी ते वरण करते आहे. बरोबर होतं का, हे सांगायला कोणी नव्हतं. पुढच्या रविवारी येते."

"बाबा," देविका म्हणाली, "आई was right."

शशी पडद्याकडे बघत होते. "जिंकलीस गं नीना," ते मोठ्याने म्हणाले, आणि देविकाला म्हणाले, "तुरीची डाळ आहे ना तुझ्याकडे?"