वडिलांच्या मानेतला आवाज

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस होते. गिरगावातल्या आमच्या वाडीत घोषणांनी भिंती हादरत. पण मला ज्याचे भय वाटे तो आवाज फार बारीक होता. तो माझ्या वडिलांच्या मानेत होता.

अण्णा ऋग्वेदी दशग्रंथी. सत्तरीतही त्यांची नाडी मनगटावर अशी उसळे की शेजारी कौतुकाने हात धरून पाहत. "अहो, ही नाडी की घोडा!" असे खालच्या मजल्यावरचे पेन्शनर म्हणत. आई त्याचे श्रेय गायत्रीच्या जपाला देई. जोरकस नाडी म्हणजे तपाचे तेज, ही आमच्या घराची श्रद्धाच होती.

एके सकाळी पवमान सूक्त म्हणताना अण्णा मध्येच थांबले. उजव्या हातातली पळी घसरली. ओठ हलत होते, शब्द उमटत नव्हता. थोड्या वेळाने सारे पूर्ववत झाले आणि "पित्त असेल," म्हणून त्यांनी पळी उचलली. मी मात्र वाडीच्या तोंडाशी राहणाऱ्या डॉक्टरांना घेऊन आलो.

डॉक्टरांनी मनगटावर बोटे ठेवली, दाबली, सोडली. मग मानेच्या डाव्या बाजूस स्टेथोस्कोप टेकवून अण्णांना क्षणभर श्वास थांबवायला सांगितले, आणि त्याची टोके माझ्या कानांत दिली. "ऐका."

प्रत्येक ठोक्यागणिक एक फूत्कार येत होता. देवघरात साप निघावा तसे माझे अंग शहारले.

"गुरुजी, निरोगी धमनी लवचीक असते," डॉक्टर म्हणाले. "ठोका आला की फुगते, मग आवळते. म्हणून रक्त शांतपणे वाहतं, त्याचा आवाज होत नाही. तुमच्या धमन्या ताठ झाल्यात. ठोका त्यांत मुरत नाही, तसाच पुढे आदळतो. सगळे ज्याचं कौतुक करतात, तो जोर हाच. मानेत तर आतून पुटं चढून वाट अरुंद झालीय, तिथं रक्ताला भोवरे पडतात, त्यांचाच हा आवाज. त्या भोवऱ्यांनी भिंत आणखी बिघडते. एखादा कण सुटून मेंदूत गेला, तर सकाळी गेलेला हात परत येईलच असं नाही."

"आणि वाचा?" अण्णांनी विचारले.

"वाचाही."

मीठ कमी करा, विश्रांती घ्या, मान दाबू नका, तिला हिसका देऊ नका, एवढेच सांगून डॉक्टर गेले. हिसक्याचे ऐकताच आईने माझ्याकडे पाहिले. आमच्या वेदपाठात स्वर मानेने दाखवतात: अनुदात्ताला ती खाली जाते, स्वरिताला वर, उदात्ताला सरळ राहते. लहानपणी अण्णांनी माझे डोके दोन्ही हातांत धरून हे वळण लावले होते. त्यांचा स्वतःचा स्वर तर मानेवाचून कधी उमटलाच नव्हता.

त्याच आठवड्यात, गोळीबारात गेलेल्यांसाठी वाडीच्या देवळात शांतिपाठ ठरला होता आणि अण्णांनी शब्द दिला होता.

"तुम्ही नुसते बसा, मुलगा म्हणेल," आई म्हणाली.

"ज्यांची पोरं गेली, त्यांच्यापुढे मी मानेचं दुखणं घेऊन गप्प बसू?"

"दुखत नाही हीच तर पंचाईत आहे. दुखली असती तर ऐकलं असतंत."

अण्णा हसले, मग माझ्याकडे वळले. "तू मागे बस. डोकं धरून ठेव माझं."

दुपारी देवळात मी त्यांच्या मागे बसलो. मानेला स्पर्श न करता तळवे कानशिलांवर ठेवले. तिथली धमनी बोटांखाली गाठाळ दोरीसारखी सरकत होती. पहिला अनुदात्त आला आणि डोके खाली झुकू पाहू लागले. मी सावरले. पुन्हा झुकले, पुन्हा सावरले. सोडले तर हिसका, धरले तर दाब. माझ्याच हातांनी तो कण सुटेल या विचाराने मी बोटे आणखी हलकी केली. रस्त्यावरून "झालाच पाहिजे"चा गजर आला, तसा अण्णांनी स्वर चढवला आणि ती दोरी बोटांखाली उसळू लागली.

एका ऋचेच्या मध्यावर ते थांबले.

मी त्यांचा चेहरा पाहू शकत नव्हतो. उजवा हात मांडीवर निश्चल होता. नारायणाचे नाव घेण्याचेही मला सुचेना.

तेवढ्यात समोर बसलेल्या एका आईचा हुंदका ओसरला, आणि अण्णांनी ती ऋचा पुन्हा आरंभापासून घेतली. ते तिच्यासाठी थांबले होते. आता आवाज खालच्या पट्टीत होता, स्वर स्वच्छ होते, आणि डोके माझ्या हातांत स्थिर होते.

घरी आईने बिनमिठाची पेज पुढे ठेवली. "स्वर चुकला का कुठे?" अण्णांनी विचारले.

"नाही."

"मग तुझे हात का कापताहेत?"

मी हात उपरण्यात घेतले. दुसऱ्या सकाळी पाटावर बसताना त्यांनी मला पुन्हा मागे बोलावले. पुढे ते होते तोवर रोजचा पाठ असाच चालला. आणि दोन ऋचांमध्ये ते श्वास घेण्यासाठी थांबत, तेवढा वेळ मी माझा श्वास धरून बसे.