कमलमावशींचं सोवळं

आमच्या देवासच्या गल्लीतल्या दत्तमंदिरात गुरुवारचा नैवेद्य कमलमावशी रांधायच्या, लग्न होऊन आल्या तेव्हापासून. सोवळ्यातला स्वयंपाक देवाआधी चाखायचा नसतो, त्यामुळे मीठ अंदाजाने. अंदाज बरोबर आला की नाही, हे त्यांना लोकांचे रिकामे द्रोण बघून कळायचं. तोंडाने कौतुक कुणी करायचं नाही; आमच्या लोकांच्या तोंडाला तेवढ्यापुरतं कुलूप असतं.

यंदा थंडीत मावशींना खोकला लागला. तरुणपणी टीबी होऊन बरा झालेला, म्हणून मुलाने, शंतनूने, दवाखान्यात नेलं. थुंकी मशीनमध्ये घातली आणि दुपारी उत्तर आलं: पॉझिटिव्ह. संध्याकाळपर्यंत ते गल्लीभर झालं. दवंडी पिटायला आमच्याकडे वेगळा माणूस लागत नाही. मंदिराचा कारभार बघणारे जगदेवराव दारातूनच म्हणाले, "वहिनी, सध्या आराम करा." मावशींनी सोवळ्याचं लुगडं घडी करून ठेवलं. रडल्या नाहीत. ओट्याशी नुसत्या बसून राहायच्या, पुढ्यातला चहा निवून जायचा.

डॉक्टर पीयूषना खात्री वाटेना, कारण एक्स-रेत नवं काही नव्हतं. त्यांनी थुंकी कल्चरला पाठवली. तिथे जंतू जिवंत असेल तरच वाढतो, पण वाट बघावी लागते. अखेर रिपोर्ट आला.

"मावशी, कुछ नहीं है," ते म्हणाले. "जुन्या टीबीचे मेलेले जंतू कधी कधी आत राहून जातात. मशीन त्यांनाही पकडते. तुम्ही एकदम ठीक आहात."

मावशी "बरं" म्हणाल्या. आनंद व्हायला हवा होता, पण आत काही हललंच नाही, असं त्यांनीच मला नंतर सांगितलं.

जगदेवरावांनी मोठ्या मनाने परत बोलावलं. मावशींनी मसालेभात केला. सगळ्यांनी द्रोण कपाळाला लावले आणि "घरी नेतो, मावशी" म्हणत एकेक जण सटकला. माझं डोकंच फिरलं. मी तिथेच बसून खाल्ला, पण एका द्रोणाने काय होतं?

परतताना मी त्यांच्यासोबत होते. वळणावर गाईच्या पुढ्यात भाताचा ढीग होता, भोवती द्रोण विखुरलेले. बाजूच्या कट्ट्यावर एक भरलेला द्रोण तसाच होता. मावशी थांबल्या. त्यातली दोन शितं उचलून त्यांनी जिभेवर ठेवली.

"मीठ तर बरोबर आहे," त्या म्हणाल्या, आणि घराकडे चालू लागल्या.